बोलेल तो आकडा

परवा सकाळी दूध घ्यायला दार उघडलं आणि दुधाच्या आधी मळीचा वास आत आला. आंबूस, गोड, थोडासा जळका. वाऱ्याची दिशा बदलली की साखर कारखान्याकडून तो असा न विचारता घरात येतो आणि पडद्यांना चिकटून राहतो. माझ्या बहिणीच्या सासरची माणसं एकदा या दिवसांत नाशिकहून आली होती. दोन दिवस सभ्यपणे गप्प बसली आणि तिसऱ्या दिवशी तिच्या सासूबाईंनी विचारलं, "इथं जवळपास गटार फुटलंय का हो?" मला तो अपमान वाटला. आमच्या हंगामाला कुणी गटार म्हणावं! तसा तो वास मलाही आवडत नाही, पण नावं ठेवायचा हक्क आमचा.

वास आला म्हणजे ट्रॉल्या आल्या. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन, ऊस इतका भरलेला की समोरचा रस्ता दिसू नये, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर ठणाणा गाणी. स्कूटरवरून त्यांच्या मागे जाणं म्हणजे देवाचं नाव घेत जाणं. तरीही ट्रॉली सिग्नलला थांबली की माझा हात शिवशिवतो. कॉलेजात शिकवणारी बाई भर चौकात ऊस उपसताना दिसली तर काय होईल, या एकाच विचाराने मी तो आवरून धरते.

कुणाला हंगाम म्हटलं की गुऱ्हाळावरची काकवी आठवते, कुणाला थंडीतल्या शेकोट्या. मला मात्र शाहूपुरीतला एक पोटमाळा आठवतो, हिरव्या मखमलीचे चार लहान ट्रे आठवतात आणि एक वीस बाजूंचा फासा.

तो पोटमाळा इम्तियाजच्या दुकानावरचा. इम्तियाज कॉलेजपासूनचा मित्र. त्याचे आजोबा टांग्यांच्या गाद्या शिवायचे, वडील जीपची सीटं, आणि हा सोफे. खाली दुकानात काथ्या, फोम आणि रेक्झिनचे गठ्ठे, वर गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या सोफ्यांचं म्हातारपण. रविवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढून इम्तियाज, मी आणि आमचे दोन दोस्त, शुभांगी आणि दिगंबर, असे आम्ही चौघं वर चढायचो आणि खेळायला बसायचो. चाळिशीला टेकलेली चार माणसं रविवारची झोप सोडून काय खेळतात, हे आमच्या घरच्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्या नवऱ्याला वाटायचं की आम्ही रमी खेळतो आणि सांगायची लाज वाटते.

खेळ तसा सोपा. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. बाहेर याला टेबलटॉप रोल-प्लेइंग असं भारदस्त नाव आहे आणि जाडजूड नियमपुस्तकं आहेत. इम्तियाजच्या पुतण्यानं पुण्याहून ते वेड आणि फाशांची पिशवी आणली होती. पुतण्या परत गेला, पिशवी राहिली. गोष्ट इम्तियाज सांगायचा, म्हणून तो 'मास्तर'. आमच्यात खरी शिकवणारी मी, पण मला नुसतं 'बाई' म्हणून कोपऱ्यात बसवलं होतं. मास्तरनं एक देश रचला होता. त्यात घाट होते, जंगलं होती, सात फाटे फुटणारी एक नदी होती. त्या नदीवर शुभांगी ही गंगी नावाची होडीवाली होती, मी झाडपाल्याची औषधं देणारी एक खवीस म्हातारी होते आणि दिगंबर हा भैरू नावाचा दोरावर चढणारा गडी होता.

गोष्टीत काही अवघड करायचं असलं, कडा चढायचा, पहारेकऱ्याला गंडवायचं, तर फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर आपटलात. एवढंच. पण त्या एवढ्याशा गोष्टीवर आम्ही श्वास रोखायचो.

फासे पोटमाळ्याच्या फटींतून खाली फोममध्ये पडायला लागले, तेव्हा इम्तियाजनं प्रत्येकाला एक ट्रे करून दिला. प्लायवूडचा, आत उरलेली मखमल, कडेनं चांगला वीतभर उंच काठ. कारागिराचा हात, त्यामुळे काठ जरा जास्तच उंच झाला. परिणाम असा झाला की कुणाचा फासा किती पडला ते ज्याचं त्यालाच दिसायचं. पहिल्या दिवशी शुभांगीनं मान लांब करून माझ्या ट्रेमध्ये डोकावून पाहिलं, तेव्हा इम्तियाज म्हणाला, "ए शुभे, डोकवायचं न्हाई. बोलेल तो आकडा. बाई सात म्हणाली तर सात."

"आणि खोटं बोलली तर?"

"मग खोटं सात. पण सातच."

हा आमचा कायदा. गंमत म्हणून केलेला, पण बघता बघता त्याला सोवळ्याचं वजन आलं. पाणी आणायला उठलं तरी दुसऱ्याच्या ट्रेकडे नजर जाऊ नये म्हणून आम्ही छपराकडे बघत चालायचो आणि एकमेकांच्या पायांवर पाय द्यायचो.

मला हे जड जायचं, कबूल करते. फेब्रुवारी उजाडला की मी परीक्षेच्या हॉलमध्ये तासन्‌तास उभी असते. बाहीतली चिठ्ठी, मोज्यातली चिठ्ठी, तळहातावरची सूत्रं, सगळं मला पाठीमागूनही दिसतं असं मुलं म्हणतात. माणूस खोटं वागायला लागला की त्याची पाठ आधी ताठ होते. हे ज्ञान असं आहे की ते रविवारी घरी ठेवून येता येत नाही. म्हणून त्या पोटमाळ्यावर मी मुद्दाम भडंगाच्या ताटलीकडे बघत बसायचे. मिरची बाजूला, लसूण बाजूला, शेंगदाणे माझे.

पण त्या कायद्याची खरी गरज आमच्यात एकालाच होती. ती दिगंबरला.

दिगंबर मूळचा आजऱ्याकडचा. घरी भाताची शेती, आई दरवर्षी आम्हा तिघांनाही घनसाळ तांदळाच्या पिशव्या पाठवते. हा मात्र साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून. हंगामात ऊस भरलेली ट्रॉली काट्यावर येते, तिचं वजन होतं, मग ती रिकामी होऊन परत येते, पुन्हा वजन होतं, आणि मधला फरक तो शेतकऱ्याचा ऊस. दिवसभर आकडे वाचून सांगणं हे त्याचं काम. काटा चोख होता, तपासणीवाले येऊन जायचे, दिगंबर तर त्याहून चोख. पण ऊस पिकवणाऱ्या माणसाला काट्याविषयी जे वाटतं ते काही तपासणीनं जात नाही. वर्षभर पाणी पाजलेलं पीक एका आकड्यात संपतं, त्या आकड्याकडे कोण प्रेमानं बघेल?

मी आणि शुभांगी एकदा त्याला आणायला तिकडे गेलो होतो. एक म्हातारे शेतकरी काट्यासमोर उभे होते. त्यांनी लाल दिव्यांचा आकडा वाचला, हातातल्या पावतीवरचा वाचला आणि मग दिगंबरचा चेहरा वाचला. सगळ्यात जास्त वेळ चेहऱ्याला दिला.

"पावणं, बरोबर हाय न्हवं?"

"काटा दावतोय तेच सांगतोय की मामा."

"काटा तुमचा, दावणार बी तुम्हीच," म्हातारबाबा म्हणाले आणि ट्रॉलीकडे निघून गेले. रागानं नाही म्हणाले. थंडी पडलीय म्हणावं तसं म्हणाले.

गाडीत बसल्यावर दिगंबरनं आधी काच वर केली. मग म्हणाला, "बाई, दिवसभर माझ्या तोंडाकडं बघतात लोकं. जेवतानासुद्धा वाटतंय कोणतरी बघतंय म्हणून. तुमच्याकडं आलो की बरं वाटतंय बघ. आकडा सांगितला की संपलं." मी तेव्हा काहीतरी चेष्टेवारी नेलं. पण माझ्या लक्षात राहिलं. आठवड्यातून एक दुपार त्याला अशी हवी होती की ज्या दुपारी त्याच्या तोंडचा आकडा कुणी तपासणार नाही. त्यासाठी तो धुळीतून इतक्या लांब मोटारसायकल हाणत यायचा.

मी ज्या हंगामाविषयी सांगतेय तो सुरू झाला तेव्हा दिगंबरचा फासा नुसता उधळला होता. रविवारमागून रविवार मोठे आकडे. सतरा, एकोणीस, वीस. भैरूनं कडा चढावा, भैरूनं वाघाच्या तोंडातून शेळी काढून आणावी, आणि आम्ही बाकीच्यांनी चिखलात पडावं. शुभांगीची गंगी तर त्या महिन्यात आपल्याच होडीतून दोनदा पाण्यात पडली. शुभांगी इचलकरंजीची. घरी माग, त्यामुळे लहानपणापासून खडखडाटाच्या वर आवाज काढून बोलायची सवय. मनात काही राहत नाही तिच्या. एका रविवारी दिगंबर पुन्हा "एकोणीस" म्हणाला आणि ती ओरडली, "काट्यावरचा माणूस हाय बाबा! आकडा कसा पाडायचा ते ह्याला नको म्हाईत व्हायला?"

आम्ही हसलो. इम्तियाज हसला, मी हसले, दिगंबरही हसला. विनोद चांगलाच होता. भडंग संपलं होतं, चहा आला, गोष्ट पुढे सरकली.

त्या रविवारनंतर दिगंबरचं नशीब बसलं.

सहा, चार, नऊ, पाच. भैरूला साधी भिंत चढता येईना. आम्हाला आधी मजा वाटली, मग कीव यायला लागली. इम्तियाजनं आपला स्वतःचा निळा फासा त्याला दिला. निळ्याचंही तेच. शुभांगीनं तर त्याच्या फाशावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि त्या खाली फोममध्ये सांडल्या म्हणून मास्तरच्या शिव्या खाल्ल्या. 'दिग्याचा फासा' हा आमच्यात वाक्प्रचार होऊन बसला. माझी स्कूटर सुरू होईना की मी म्हणायचे, आज दिग्याचा फासा पडला. दिगंबर हे सगळं हसून घ्यायचा. उलट त्या दिवसांत तो आम्हाला जास्त मोकळा वाटायचा. येताना चिरमुरे आणायचा, कारखान्यावरच्या गमती सांगायचा. हरणाऱ्या माणसाभोवती सगळे मायेनं बसतात, आणि तो आमच्या मधोमध बसलेला असायचा.

एक गोष्ट मला फार उशिरा सुचली. लहान आकडा सांगणाऱ्यावर कुणी संशय घेत नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये मी इतकी वर्षं काढली, पण नापास होण्यासाठी कॉपी करणाऱ्याला पकडायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी सापशिडी खेळताना माझा चुलतभाऊ एक घर जास्त मोजायचा. मग आम्ही 'रडीचा डाव खडी' म्हणून त्याला उठवायचो. एक घर कमी मोजणारा कुणी भेटला असता तर त्याला आम्ही शहाणा म्हणालो असतो की वेडा, कोण जाणे.

थंडी सरत आली होती तेव्हाचा तो रविवार. आमची गोष्ट अशा ठिकाणी आली होती की गंगी नदीवरच्या दोराच्या पुलावरून निसटली आणि एका हातानं लोंबकळत राहिली. खाली सातही फाटे एक होऊन वाहणारं पाणी. ही गंगी काही आजकालची नव्हती. शुभांगीनं तिला दोन पावसाळे सांभाळलं होतं. गंगीची आई, गंगीची होडी, गंगीचा दम्याचा नवरा, सगळं तिला पाठ होतं. माग विकायचे की ठेवायचे यावरून तिच्या घरात त्या वर्षी भावाभावांचं बोलणं बंद झालं होतं, आणि ती म्हणायची, "रविवारी गंगी झालं की बरं वाटतंय. तिला कोण भाऊच न्हाई."

पुलावर तिच्या जवळ एकटा भैरू होता. "दिग्या, बारा पाहिजेत," इम्तियाज म्हणाला. "बारा किंवा वर. हात धरायचा तर हा एकच डाव."

मी त्या वेळी खाली जाऊन चहा घेऊन वर येत होते. शिडीच्या शेवटच्या पायरीवर असतानाच फासा मखमलीवर पडल्याचा तो मऊ आवाज ऐकला. मग दिगंबर म्हणाला, "आठ."

शुभांगीच्या तोंडून "आई गं" निघालं. अगदी हळू. तिचा आवाज इतका हळू होऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

मी चहाचा पेला द्यायला दिगंबरच्या मागून वाकले. दोन्ही हातांत पेले होते, छपराकडे बघत चालणं शक्य नव्हतं. ट्रे थेट डोळ्यांसमोर. आणि मला इतका आनंद झाला की मी कायदा वगैरे सगळं विसरून ओरडले, "अरे दिग्या, चष्मा पूस! अठरा पडलेत! अठरा!"

त्याला आनंद व्हायला हवा होता. त्यानं चटकन हात पुढे करून तळवा फाशावर ठेवला.

ती पाठ मी ओळखते. ताठ झालेली. एरवी ती चोरी पकडल्यावर होते, आणि इथे मी त्याला बक्षीस देत होते. मला काहीच कळेना. इम्तियाज म्हणाला, "हात काढ की." दिगंबरनं हात काढला नाही.

"वाचताना चुकलं," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "न्हाई. चुकलं न्हाई."

"किती दिवस चाललंय?" इम्तियाजनं विचारलं. त्याला माझ्या आधी समजलं होतं.

"शुभी बोललेली बघ... काट्यावरचा माणूस म्हणून. तवापासनं."

शुभांगीचे डोळे एवढे झाले. "अरे मी थट्टा केलती! दिग्या, थट्टा होती ती!"

"म्हाईत हाय की मला. थट्टाच होती." त्याचा आवाज फाटायला लागला होता. "तिकडं लोकं आईबापावरनं शिव्या देत्यात, त्येचं मला काय वाटत न्हाई. पण तुम्ही हसलासा. सगळी हसलासा. मला वाटलं, हितंबी आता तोंडाकडं बघाय लागणार. मग मोठा आकडा आला की जीभच उचलंना. बारीक सांगितला की कोण बघत न्हाई. सोपं पडतंय."

मी अजून चहाचे पेले धरून उभी होते. हात भाजत होते आणि ते खाली ठेवावेत हे सुचत नव्हतं. मला त्या माणसाचा राग आला, आणि त्याहून जास्त रडू आलं. खरे अठरा पडावेत आणि ते आपल्या तोंडून खरे वाटणार नाहीत म्हणून माणसानं ते गिळून टाकावेत! आम्ही त्याला काय दिलं होतं मग, इतके रविवार? दुसऱ्यावर विश्वास टाकणं हे मला नेहमी मोठं काम वाटायचं, आणि मी ते करते म्हणून मी स्वतःवर खूश असायचे. पण टाकलेला विश्वास खरंच आपल्यासाठी आहे, असं धरून चालायचं, हे काम समोरच्याचं असतं आणि ते किती जड असू शकतं, याचा मी कधी विचारच केला नव्हता. दिगंबरनं आमची फसवणूक केली हे खरंच. पण त्यात बुडाला तो एकटा. नाही, आज एकटा नव्हता. आज गंगी दोराला लोंबकळत होती.

इम्तियाजनं कपाळावरून हात फिरवला. "आता काय धरायचं?"

"अठराच की!" मी म्हणाले. "दिसतंय ना समोर."

इम्तियाज शुभांगीकडे वळला. "गंगी तुझी हाय. तू सांग."

शुभांगीनं आपला ट्रे बाजूला सारला. खाली रस्त्यावरून एक ट्रॉली गेली, गाण्यांचा गोंगाट जवळ आला आणि लांब गेला. मग ती म्हणाली, "आठ."

"शुभे, अगं वेडी का काय!" दिगंबर अर्धा उठला. "अठरा हाय. गंगी वाचतीया."

"तू आठ म्हणालास."

"खोटं म्हणालो!"

"म्हणालास न्हवं? मग आठ. हितं तू म्हणतोस ते चालतंय."

"अगं बघ की!" त्यानं फाशावरचा हात काढला आणि अख्खा ट्रेच मधे सरकवला. "बघ, बघ. इम्त्या, तू बघ. बाई, तू बघितलंयस, सांग की तिला! बघा की रे सगळ्यांनी!"

कुणी वाकलं नाही. इम्तियाज समोरच्या भिंतीकडे बघत होता. शुभांगी दिगंबरच्या तोंडाकडे बघत होती, सरळ, पण आकडा खरा की खोटा हे शोधायला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस 'माझा आकडा तपासा' म्हणून गयावया करत होता आणि तपासायला कुणी तयार नव्हतं.

इम्तियाजनं मग ती गोष्ट सांगितली. भैरूची बोटं गंगीच्या बोटांना लागली, ओली होती, निसटली. पाण्याचा आवाज इतका होता की तिची हाक कुणाला ऐकू आली नाही. होडी काठाला रिकामी डुलत राहिली. तो चांगला सांगायचा, आणि त्या दिवशी त्यानं काही कमी केलं नाही. दिगंबर तोंडावर हात घेऊन रडला. मोठा माणूस, मिशीवाला, प्लास्टिकच्या एका फाशापायी रडला. तेव्हा आमच्यातल्या कुणालाही ते हास्यास्पद वाटलं नाही.

परतताना मी शुभांगीच्या स्कूटरवर मागे बसले होते. तिच्यावर मी चिडले होते. म्हटलं, "एवढं निष्ठुर व्हायची काय गरज होती? खेळ आहे अगं."

"खेळ हाय म्हणूनच," ती म्हणाली. वाऱ्यामुळे तिला ओरडावं लागत होतं. "अठरा धरलं असतं तर फाशावर विश्वास ठेवला म्हणायचा. दिग्यावर न्हाई. ते तिकडं काट्यावर रोज करत्यातच की लोकं." मग जरा वेळानं म्हणाली, "आणि त्यालाबी कळू दे, त्याच्या बोलण्यानं काय काय होतंय. नुसतं त्याचं एकट्याचं न्हाई." गंगीसाठी ती रडत होती. खांदे हलत होते ते मला मागून दिसत होतं, आणि मी स्कूटरवरून पडू नये म्हणून त्याच खांद्यांना धरून बसले होते.

पुढच्या रविवारी दिगंबर आला नाही. कारखान्यावर गर्दी आहे असा निरोप आला. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. आम्ही तिघं पोटमाळ्यावर बसून भडंग खाल्लं आणि खाली उतरलो. चौथ्या माणसाशिवाय तो देश उघडायचा कसा, हे मास्तरला जमेना. मला खरंच वाटलं की संपलं. मैत्री अशीच संपते बहुतेक. भांडण होऊन नाही, तर कुणाला तरी तोंड दाखवायची लाज वाटून. मग 'कामं वाढली' म्हणतात, 'पोरांची शाळा' म्हणतात, आणि लग्नाकार्यात भेटलं की फार आपुलकीनं बोलतात.

शेवटी शुभांगीनं त्याला फोन केला. मी शेजारीच होते. नमस्कार नाही, कसा आहेस नाही. "नवीन बाई केलीया मी गोष्टीत. मेंढरं राखती. घाटात अडकल्यालीया आणि तिला वर काढाय माणूस पाहिजे. येतोस का कसं?" पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "मग मरू दे व्हय तिला पण?" आणि फोन ठेवला.

तो आला तेव्हा हंगाम संपत आला होता. उसाचे फड रिकामे होत चालले होते, दुपारी ऊन टोचायला लागलं होतं आणि पोटमाळ्यावर पत्रा तापायचा. दिगंबर वाळला होता. त्यानं आईनं दिलेली तांदळाची पिशवी शुभांगीसमोर ठेवली, ती म्हणाली, "ठेव तिकडं," आणि आम्ही बसलो. कुणी मागचं काही काढलं नाही. मास्तरनं घाट सांगितला, सुटलेली दरड सांगितली, कपारीत अडकलेली ती मेंढीवाली सांगितली. शुभांगीनं तिला असा काही चिडका आवाज दिला होता की मला हसू आवरेना.

"भैरू, चौदा पाहिजेत," इम्तियाज म्हणाला.

दिगंबरनं फासा उचलला, मुठीत बराच वेळ घोळवला आणि टाकला. मग तो ट्रेमध्ये बघत राहिला. एकदा तोंड उघडलं, मिटलं. मला वाटलं आता हा पुन्हा तीन म्हणणार, नाहीतर उठून जाणार.

"एकोणीस," तो म्हणाला.

"मग सांग की पुढं मास्तर, थांबलास का?" शुभांगी म्हणाली. "कपारीत ऊन लागाय लागलंय मला."

इम्तियाज सांगू लागला. भैरूचा दोर खाली आला, मेंढीवालीनं आधी एक कोकरू वर पाठवलं आणि मगच स्वतः चढली. दिगंबर ऐकत होता आणि मधेच आमच्याकडे बघत होता, एकेकाकडे. त्याचा ट्रे माझ्या कोपराला लागून होता. त्यात फासा किती दाखवत होता, ते मला आजही माहीत नाही.